शनीच्या बर्फाळ चंद्रांवरील विवरे : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाने टिपलेली शनीच्या चंद्रांची काही छायाचित्रे छापली होती. त्यांवर डिचोली, मडगाव, फोंडा, पेडणे, वाळपई अशा गोव्याच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. पुष्कळ प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रांचा आशय तेवढा ठेवून मजकूर आटोपशीर केला आहे.

प्रश्न : मिमास या चंद्राच्या छायाचित्रात जे मोठे वर्तुळ आहे ते मला घुमटासारखे वर आलेले दिसते, तर माझ्या मुलीला तोच खोल खड्डा दिसतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर, आणि ते नुसत्या छायाचित्रावरून ठरवता येते का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या मुलीचे बरोबर आहे, तो खड्डाच आहे. पण आपल्याला घुमट दिसला यात दृष्टीचा दोष नाही. उजेड वरून येतो हे आपण जन्मापासून अनुभवत आलेलो असतो, आणि कोणतेही चित्र पाहताना मेंदू तेच गृहीत धरून उंच-सखल ठरवतो. यानाच्या छायाचित्रात सूर्यप्रकाश डावीकडून, खालून, कोठूनही आलेला असू शकतो. प्रकाश खालून असेल तर खड्डे उंचवटे भासतात आणि उंचवटे खड्डे. अशा वेळी पान हळूहळू फिरवावे आणि चंद्राची उजळ कडा वरच्या बाजूला आणावी. बहुतेकांना विवरे त्या क्षणी आत गेलेली दिसू लागतात.

खात्री करून घ्यायची असेल तर प्रथम चंद्रबिंबाची कोणती बाजू अंधारात आहे ते पाहावे, म्हणजे सूर्य कोणत्या बाजूला आहे ते कळते. खड्ड्याची सूर्याकडील भिंत सावलीत असते आणि पलीकडची भिंत उजळलेली असते. उंचवट्याचे नेमके उलट. मिमासवरील हे विवर यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण त्याच्या मधोमध एक शिखर उभे आहे. एकाच चित्रात विवराची सूर्याकडील भिंत काळी आणि शिखराची सूर्याकडील बाजू पांढरी, असे दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. मिमासचा शोध १७८९ साली लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचेच नाव या विवराला दिलेले आहे. त्याचा व्यास १३० किलोमीटरहून अधिक आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचा अख्खा गोवा आत ठेवला तरी कडेने जागा उरेल, आणि ज्या चंद्रावर ते आहे त्याचा स्वतःचा व्यास ४०० किलोमीटरही भरत नाही. मधले शिखर सुमारे ६ किलोमीटर उंच आहे. ही उंची सावलीच्या लांबीवरून आणि त्या ठिकाणी सूर्य क्षितिजापासून किती वर होता यावरून काढतात; शिवाय दोन वेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रे जुळवूनही तिची पडताळणी करता येते.

येथे आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. सूर्य थेट माथ्यावर असताना घेतलेल्या छायाचित्रात सावल्याच नसतात, त्यामुळे भूरूपे जवळजवळ नाहीशी होतात आणि केवळ गडद-फिकट डाग उरतात. व्हॉयेजर १ यानाने नोव्हेंबर १९८० मध्ये डायोनी या चंद्रावर पांढरे, धूसर पट्टे टिपले. चित्रे दुरून घेतलेली होती आणि तपशील अस्पष्ट होता. भेगांतून बाहेर पडलेल्या वाफेचे हिमकण पृष्ठभागावर साचले असावेत, असा तर्क पुढे अनेक वर्षे चालला. डिसेंबर २००४ मध्ये कॅसिनी जवळून गेले तेव्हा ते साचलेले हिम नसून बर्फाचे उभे कडे आहेत हे स्पष्ट झाले. कवच ताणले जाऊन तुटले होते आणि तुटलेल्या कड्यांवर उघडा पडलेला स्वच्छ बर्फ दुरून पांढऱ्या पट्ट्यांसारखा दिसत होता. डायोनी तोच होता. अंतर कमी झाले आणि सावल्या दिसू लागल्या.

प्रश्न : हिमालयातील हिमनद्या वाहतात असे आम्ही शाळेत शिकलो. बर्फ वाहतो, तर शनीच्या चंद्रांवरील बर्फात पडलेले खड्डे कोट्यवधी वर्षे तसेच कसे राहिले? ते भरून का आले नाहीत? — एक निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : हिमनदीतील बर्फ त्याच्या वितळणबिंदूच्या जवळपास असतो, म्हणून तो स्वतःच्या वजनाखाली सावकाश सरकतो. शनीजवळ परिस्थिती अगदी वेगळी आहे. मिमासच्या पृष्ठभागाचे तापमान कॅसिनीने मोजले तेव्हा ते उणे १८० ते उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास भरले. तापमान जसजसे उतरते तसतसा बर्फाचा वाहण्याला होणारा विरोध प्रचंड प्रमाणात वाढतो, आणि इतक्या थंडीत तो व्यवहारतः खडकच असतो. त्यात मिमासचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे दीडशेव्या भागाइतके असल्यामुळे उभ्या कड्यांना खाली ओढणारे बळही क्षीण. वारा नाही, पाऊस नाही. म्हणून तेथे पडलेला खड्डा नव्या आघाताने मोडला जाईपर्यंत टिकतो.

तरीही आपल्या शंकेत तथ्य आहे, कारण काही विवरे खरोखरच भरून आलेली आहेत. टेथिसवरील ओडिसियस हे विवर सुमारे ४५० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे टेथिसच्या १०६२ किलोमीटर व्यासाच्या दोन-पंचमांशाएवढे. पण मिमासवरील हर्शेलसारखे ते खोल राहिलेले नाही. त्याचा तळ वर येऊन चंद्राच्या गोलाईला जवळपास मिळून गेला आहे. एन्सेलाडसवरील काही विवरांचे तळ तर मध्यभागी फुगलेले आहेत. पृष्ठभागावर इतकी थंडी असताना हे घडायचे असेल तर उष्णता खालून यावी लागते. आतला बर्फ ऊबदार, म्हणून मऊ असेल तरच तळ वर येतो. याउलट आयापेटसवर शेकडो किलोमीटर रुंदीची विवरे अजून खोल आहेत, त्या अर्थी त्याचे कवच फार पूर्वीच थंड होऊन कठीण झाले असले पाहिजे. विवर किती खोल उरले आहे एवढ्यावरून त्या चंद्राच्या पोटातील जुन्या उष्णतेचा अंदाज बांधता येतो, आणि तोही तेथे एकही उपकरण न उतरवता.

प्रश्न : विवरे मोजून पृष्ठभागाचे वय सांगतात म्हणे. ते कितपत विश्वासार्ह आहे? — विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : तत्त्व सोपे आहे. आघात सर्वत्र होत राहतात, म्हणून ज्या जमिनीवर विवरे जास्त ती जुनी आणि जेथे कमी ती नवी. एकाच चंद्रावरील दोन प्रदेशांची अशी तुलना बऱ्याच भरवशाची असते. मात्र विवरे फारच दाट झाली की प्रत्येक नवे विवर एखादे जुने पुसूनच तयार होते, आणि त्यापुढे मोजणी काही सांगत नाही. शिवाय मोठ्या आघातात उडालेले तुकडे खाली पडून लहान विवरांच्या रांगा तयार होतात. त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

अडचण येते ती वर्षांत वय सांगताना. आपल्या चंद्रावरून अपोलो मोहिमांनी खडक आणले, त्यांचे वय प्रयोगशाळेत ठरले आणि किती विवरे म्हणजे किती वर्षे हे कोष्टक तेथे तयार करता आले. शनीच्या कोणत्याही चंद्रावरून अद्याप एक कणही पृथ्वीवर आलेला नाही. तेथे आदळणारे पदार्थही निराळे असू शकतात. सूर्याभोवती फिरणारे धूमकेतू किती आणि शनीभोवतीच फिरत असलेले जुन्या चंद्रांचे तुकडे किती, यावर एकमत नाही. तुकडे जास्त असतील तर दाट विवरांचा पृष्ठभागही तरुण ठरू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कक्षांच्या गणितावरून, टायटन या शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्राच्या कक्षेच्या आत फिरणारे बर्फाळ चंद्र केवळ १० कोटी वर्षांपूर्वी आताच्या स्वरूपात आले असावेत असे सुचवले गेले. जुना समज मात्र ते सूर्यमालेइतकेच, म्हणजे साडेचार अब्ज वर्षांचे असावेत असा आहे. एकाच विवरांनी भरलेल्या पृष्ठभागाकडे पाहून जाणकार माणसे एवढी वेगळी वये सांगतात, म्हणून वर्षांचा आकडा वाचताना तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे आपण नेहमी पाहावे.

माझ्या मते या चित्रांतील सर्वांत बोलका भाग विवरांचा नसून विवरे नसलेल्या जागेचा असतो. एन्सेलाडस पाहा. व्यास जेमतेम ५०० किलोमीटर. त्याच्या उत्तरेकडे विवरांची दाटी आहे, आणि दक्षिण ध्रुवाजवळ विवरे जवळजवळ नाहीतच. इतक्या लहान गोळ्यावर एका टोकाला आघात झाले आणि दुसऱ्या टोकाला झाले नाहीत असे होऊ शकत नाही. दक्षिणेकडील खुणा कोणीतरी पुसत होते. २००५ मध्ये कॅसिनी अनेकदा त्याच्या जवळून गेले. प्रथम चुंबकमापकाला शनीचे चुंबकीय क्षेत्र एन्सेलाडसजवळ वाकलेले आढळले. जुलैमध्ये यान पृष्ठभागापासून सुमारे १७५ किलोमीटरवरून गेले तेव्हा दक्षिण ध्रुव अपेक्षेपेक्षा उबदार निघाला. आणि नोव्हेंबरमध्ये सूर्य एन्सेलाडसच्या मागच्या बाजूला असताना घेतलेल्या छायाचित्रांत चार लांबलचक भेगांतून उसळणारे फवारे उघड दिसले. त्या फवाऱ्यांत पाण्याची वाफ, बर्फाचे कण आणि क्षार आहेत. २०१७ मध्ये त्यांत हायड्रोजन आणि २०२३ मध्ये कॅसिनीच्याच जुन्या नोंदींतून फॉस्फेट आढळल्याचे प्रसिद्ध झाले. शनीचे रुंद, विरळ असे ई कडे याच फवाऱ्यांतील कणांनी बनलेले आहे. त्यातील बारीक हिम शेजारच्या चंद्रांवरही पडत राहते.

या पाण्यात जीवसृष्टीला पोषक परिस्थिती असू शकते. यानावर पृथ्वीवरून गेलेले सूक्ष्मजीव असलेच तर ते तेथे पोहोचू नयेत, म्हणून इंधन संपत आल्यावर कॅसिनी १५ सप्टेंबर २०१७ रोजी जाणीवपूर्वक शनीच्या वातावरणात नेऊन नष्ट करण्यात आले. तेरा वर्षे ज्या चंद्रांनी इतके दिले त्यांच्या बाबतीत दाखवलेली ही काळजी मला त्या मोहिमेतील कोणत्याही शोधाइतकीच मोलाची वाटते.

प्रश्न : मिमासच्या पोटात समुद्र असल्याचे वाचनात आले. मिमास तर विवरांनी भरलेला आहे आणि त्यावर एकही फवारा नाही. हे कसे शक्य आहे? — एक वाचक, कुडचडे

उत्तर : विवरे पुसली गेली तेथेच आत उष्णता, या मागच्या उत्तरातून निघणाऱ्या नियमाला मिमासच खरा अपवाद ठरू पाहत आहे, म्हणून आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. केवळ पृष्ठभाग पाहून कोणीही त्याला निर्जीव, आतपर्यंत गोठलेला गोळा म्हटले असते, आणि बरीच वर्षे तसेच म्हटले जात होते.

वेगळा संशय आला तो त्याच्या डोलण्यावरून. मिमास शनीकडे सदैव एकच बाजू ठेवून फिरतो, पण फिरताना तो किंचित मागे-पुढे डोलतो. निरनिराळ्या वेळी घेतलेल्या छायाचित्रांत ठराविक विवरांची जागा नेमकी मोजून हे डोलणे किती आहे ते ठरवण्यात आले, आणि २०१४ मध्ये ते अपेक्षेच्या सुमारे दुप्पट असल्याचे प्रसिद्ध झाले. याची दोन कारणे संभवत होती : आतला खडकाळ गाभा बराच लांबट असणे, किंवा कवच आणि गाभा यांच्यामध्ये पाणी असल्यामुळे कवच सुटे असणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिमासच्या कक्षेतील सूक्ष्म बदलही हिशेबात घेण्यात आले, आणि ते लांबट गाभ्याशी जुळेनात. त्यातील निष्कर्ष असा की बर्फाचे कवच २० ते ३० किलोमीटर जाडीचे असून त्याखाली समुद्र आहे, आणि तो २.५ कोटी वर्षांहूनही अलीकडचा आहे. आपल्या शंकेचे उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. समुद्र इतका नवा आहे की त्याची उष्णता पृष्ठभागावरील विवरे बिघडवण्याइतकी वर पोहोचलेलीच नाही. हा निष्कर्ष टिकला तर ज्या इतर चंद्रांना आपण केवळ विवरे पाहून मृत ठरवले आहे त्यांच्याकडेही पुन्हा पाहावे लागेल.

प्रश्न : या छायाचित्रांतील रंग खरे असतात का? — एक वाचक, पेडणे

उत्तर : कॅसिनीचे दोन्ही कॅमेरे मूलतः कृष्णधवल चित्रे घेत. प्रत्येक कॅमेऱ्यात रंगीत गाळण्या होत्या. लाल, हिरवी आणि निळी गाळणी लावून एकापाठोपाठ तीन चित्रे घ्यायची आणि पृथ्वीवर ती एकत्र करायची, की नैसर्गिक रंग मिळतो. बर्फाच्या प्रतीतील बारीक फरक दिसावा म्हणून शास्त्रज्ञ अनेकदा अतिनील आणि अवरक्त गाळण्यांची चित्रे मिळवून रंग मुद्दाम गडद करतात. तसे असेल तर चित्राखाली ते लिहिलेले असते. मागील अंकातील ऱ्हियाचे चित्र त्या प्रकारचे होते आणि चित्रओळीत आम्ही ते नमूद करायला हवे होते. प्रत्यक्षात हे चंद्र बहुतांशी करडे-पांढरे आहेत.

पत्रात आपण ही चित्रे थेट प्रक्षेपित होत का, असेही विचारले आहे. तसे नव्हते. कॅमेरे यानाच्या अंगालाच घट्ट बसवलेले असल्यामुळे चित्र घेण्यासाठी संपूर्ण यान चंद्राकडे वळवावे लागे आणि त्या वेळी त्याचा ४ मीटर व्यासाचा अँटेना पृथ्वीकडे नसे. चित्रे यानावर साठवली जात, नंतर यान पृथ्वीकडे तोंड करून ती पाठवत असे, आणि रेडिओ संदेशाला येथे पोहोचायला शनीच्या अंतरानुसार एक तासाहून थोडा अधिक ते दीड तास लागे. चंद्राजवळची प्रत्येक हालचाल म्हणूनच कित्येक आठवडे आधी आखून ठेवलेली असे.

प्रश्न : आमच्याकडे १५० मिलिमीटरची दुर्बीण आहे. आम्हांला वाळपईहून शनीचे कोणते चंद्र दिसतील? त्यांवरील विवरे दिसतील का? — विज्ञान मंडळाचे विद्यार्थी, वाळपई

उत्तर : विवरे पृथ्वीवरील अशा दुर्बिणीतून दिसणार नाहीत, चंद्र ठिपक्यांसारखेच दिसतील. पण तुमच्या दुर्बिणीत टायटन सहज, ऱ्हिया बऱ्यापैकी सहज आणि आकाश स्वच्छ असेल तर टेथिस व डायोनीही दिसावेत. किनाऱ्यावरच्या दमट हवेपेक्षा आणि पणजी-मडगावच्या उजेडापेक्षा तुमच्या सत्तरी तालुक्याचे आकाश तुम्हांला नक्कीच अनुकूल आहे. सध्याच्या काही वर्षांत चतुर्थी होऊन पाऊस ओसरला की शनी संध्याकाळच्या आकाशात असतो, त्याचा लाभ घ्यावा.

मंडळाला एक खरा उपक्रम हवा असेल तर आयापेटस निवडावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. खगोलशास्त्रज्ञ जिओव्हान्नी कॅसिनी यांनी १६७१ साली तो शोधला तेव्हा त्यांना तो शनीच्या पश्चिमेला असतानाच दिसे आणि पूर्वेला गेला की नाहीसा होई. त्याची एक बाजू काळी असली पाहिजे आणि तो शनीकडे नेहमी एकच बाजू ठेवत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केवळ एवढ्यावरून काढले, आणि ते बरोबर ठरले. कक्षेत पुढे असणारी बाजू कोळशासारखी काळी आणि मागची बर्फासारखी उजळ आहे. फीबी हा दूरचा चंद्र उलट दिशेने फिरतो. त्याच्यावरून उडालेली धूळ आत सरकत आयापेटसच्या पुढच्या बाजूवर बसते. शनीभोवती फीबीच्या धुळीचे एक अतिविशाल, अतिविरळ कडे आहे हे २००९ मध्ये स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने दाखवले. काळी धूळ ऊन शोषते, तिच्याखालचा बर्फ वाफ होऊन उडतो आणि थंड, उजळ भागावर जाऊन गोठतो, त्यामुळे काळे अधिक काळे आणि पांढरे अधिक पांढरे होत जाते. आयापेटसला शनीभोवती आणि म्हणून स्वतःभोवतीही फिरायला ७९ दिवस लागतात, तेवढ्या लांब दिवसात ऊन मुरायला भरपूर वेळ मिळतो. कॅसिनी यानाने सप्टेंबर २००७ मध्ये तो जवळून पाहिला तेव्हा ध्रुवांकडे तोंड असलेल्या विवरांच्या भिंती पांढऱ्या आणि विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या भिंती काळ्या, असा हाच खेळ विवराविवरांत चाललेला आढळला.

शोधताना एवढे लक्षात ठेवावे की तो शनीपासून फार दूर, कड्यांच्या रुंदीच्या बाराहून अधिक पट अंतरावर जाऊ शकतो, म्हणून साधा तारा समजून त्याच्याकडे दुर्लक्ष होते. मोबाइलवरील आकाशनकाशातून त्या रात्रीची जागा काढावी. पश्चिम टोकाला तो दहाव्या प्रतीच्या जवळपास असतो (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), पूर्व टोकाला जवळजवळ बाराव्या प्रतीपर्यंत मंदावतो. शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी तुलना करून दर स्वच्छ रात्री त्याची तेजस्विता नोंदवत गेल्यास दोन फेऱ्यांत, म्हणजे साधारण पाच महिन्यांत, तिचा आलेख तयार होईल. दसऱ्याच्या सुमारास सुरुवात केली तर उन्हाळ्याच्या तोंडाशी काम पूर्ण होते. आलेख तयार झाल्यावर आमच्याकडे पाठवावा; तो आम्ही याच सदरात छापू.